बिनभेसळीचं ऊन

सूर्यभान तायडे हा माणूस डोळ्यांवर कधी विसंबला नाही. त्याचा भरवसा हातावर. अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात तो कापसाचा ग्रेडर होता. दारात गाडी लागली की वरचा पांढराशुभ्र कापूस बघून मान डोलावणाऱ्यांतला तो नव्हे. बाही वर सारायची, कोपरापर्यंत हात गाडीत खुपसायचा आणि तळाचा मूठभर कापूस ओढून काढायचा. वर कोरडा, आत ओला. वर पांढरा, आत किडका. वजन वाढावं म्हणून पाणी शिंपडून आणलेली गाडी त्याच्या हातून सुटली, असं कोणी ऐकलं नाही. गाडीवाले पाठीमागे शिव्या घालायचे, मालक पाठ थोपटायचा, आणि सूर्यभान हात झटकत म्हणायचा, "वरून कीर्तन, आतून तमाशा."

बरं, नोकरी संपली म्हणून हाताची सवय सुटते थोडीच? जित्याची खोड ती. कापसाच्या गाड्या थांबल्या तसा सूर्यभाननं तो हात घरात घातला. मुलानं, अमोलनं, हौसेनं मोठा फोन घेऊन दिला आणि आगीत तेल ओतलं. दुधात युरिया, तुरीच्या डाळीत लाखोळीची डाळ, अंडं प्लास्टिकचं, पालकावर फवारा, शेंगदाण्याला बुरशी. रोज सकाळी नवा व्हिडिओ आणि रोज एखाद्या पदार्थावर नवा आरोप. खरं-खोटं काय ते पारखायला इथं कोपरापर्यंत हात घालता येत नव्हता, म्हणून तो सगळंच खोटं धरायचा.

सुंदराबाई होती तोवर हे हसण्यावारी जायचं. नवऱ्याच्या या खोडीवर तिनं आपला एक उपाय काढला होता. ताट वाढलं की ती आधी त्याच्या ताटातला एक घास मोडून स्वतःच्या तोंडात टाकायची, जरा वेळ डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, "पाहा, मेली नाही मी. जेवा आता." तो निमूट जेवायचा. पाहुण्यांसमोरही हा खेळ चालायचा आणि सूर्यभानला त्याची लाज वाटत नसे. उलट त्याला ते आवडायचं, आणि ही गोष्ट फक्त तिलाच ठाऊक होती.

मग ती गेली. दवाखान्यानं सांगितलं, तापानं गेली. सूर्यभाननं धरलं, सुई टोचल्यामुळे गेली. तेव्हापासून गोळी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. बायकोमागे त्याचं जेवण तुटलं, गालफडं बसली, पण शक्तीची गोळी आणून दिली तर तो ती मोरीत टाकायचा. घरात माणसं दोनच उरली होती. अमोल नागपूरला कंपनीत, तो शनिवारी यायचा. बाकीचे दिवस सूर्यभान आणि सून दामिनी. दामिनी तिवस्याच्या पंजाबरावांची लेक, शेतकऱ्याच्या घरातली, बोलायला कमी आणि कामाला वाघ. घरीच ब्लाउज शिवायची. आता चाखायचं काम दारातल्या कुत्र्याकडे आलं. दामिनी ताट वाढायची, सूर्यभान पोळीचा तुकडा वरणात बुडवून कुत्र्याला टाकायचा, त्याच्याकडे बघत बसायचा आणि मगच जेवायचा. कुत्रं गुबगुबीत झालं. दामिनी मात्र आतल्या आत वाळत चालली. आपल्या हातचं आधी कुत्र्यानं खावं, हे कुठल्या सुनेला गोड वाटेल?

दसरा होऊन थंडी पडू लागली तेव्हाची गोष्ट. सूर्यभान मागच्या दारानं घरात येत होता. दामिनी स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती, पाठमोरी, दबक्या आवाजात.

"थोडं थोडं टाकून राहिली ना मी रोज त्याईच्या वरनात. औषधाची चवच लागत नाही. नाही, त्याईले काही पत्ता नाही लागला अजून."

सूर्यभान जिथल्या तिथे थांबला.

वऱ्हाडात औषध हा शब्द जपून ऐकावा लागतो. दवाखान्यात मिळतं तेही औषध आणि पंप पाठीवर घेऊन पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, मारतात तेही औषधच. अमक्यानं औषध घेतलं, असं कोणी म्हटलं की ऐकणारा आधी सांगणाऱ्याचा चेहरा बघतो आणि मग ठरवतो, बरं झालं म्हणायचं की चप्पल घालून त्याच्या घरी धावायचं. सूर्यभानला चेहरा दिसला नाही, पाठ दिसली. पण त्या रात्रीच्या जेवणाआधी त्यानं दाराच्या फटीतून बघितलं. दामिनीनं पिठाच्या डब्यामागून एक शिशी काढली. तपकिरी, नारिंगी झाकणाची. तिच्यावरचा कागद खरवडून काढलेला होता. तिनं झाकणभर काहीतरी एकाच वाटीत ओतलं आणि चमच्यानं ढवळलं. ती वाटी त्याच्या ताटात आली.

कुत्रं ते वरण खाऊन शेपटी हलवत राहिलं. म्हणजे विष सावकाश मारणारं आहे, असं सूर्यभाननं ठरवलं.

तुम्ही-आम्ही असतो तर तिथेच विचारलं असतं, बाई, काय आहे हे? पण ग्रेडरची रीत वेगळी. ओल पकडायची तर गाडीवाल्याला सुगावा लागू द्यायचा नसतो. त्यानं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "तुह्या हातचं मले पचत नाही आजकाल. उद्यापासून मी माहं करून घेईन."

"काहून मामाजी? काही चुकलं का?" दामिनी म्हणाली.

"पचत नाही म्हनलं ना."

मागच्या खोलीत त्यानं स्वतःची शेगडी मांडली. ज्वारी स्वतः निवडून आणायची, कुर्बानभाईच्या चक्कीवर स्वतः न्यायची आणि पीठ पडेपर्यंत डोळ्यात तेल घालून उभं राहायचं. कुर्बानभाई त्याचा जुना दोस्त. तो म्हणायचा, "सूर्यभानभाऊ, गहू नही, दाल नही, बस जवारी? घोड्याले पन चना लागते." सूर्यभान हसायचा नाही. तेल भेसळीचं, डाळ रंगवलेली, दूध-अंड्याचं तर नावच नको. भाकर, मीठ आणि मिरचीचा ठेचा, बिनदुधाचा चहा. आपल्या हातचं आणि आपल्या नजरेखालचं. सबंध थंडी त्यानं यावर काढली.

आणि ऊन. सकाळी ओट्यावर खाट टाकून तो जो बसायचा तो दुपार कलेपर्यंत. थंडीतलं अकोल्याचं ऊन म्हणजे मऊ गोधडी. अंगावर घेत तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "जगात एकच चीज बिनभेसळीची उरली आहे, बापा. उन्हात कोनी काही मिसळू शकत नाही." नावातच सूर्य असलेल्या माणसाला हे बोलणं शोभायचंही.

शेजारपाजारच्या बायका मात्र वेगळंच बोलू लागल्या. सासरा मागच्या खोलीत कोरडी भाकर थापतो आणि सून पुढे मशीन चालवते, हे काही नजरेतून सुटणारं नव्हतं. "म्हाताऱ्याले घास टाकत नाही वाट्टे," असं कोणीतरी दामिनीच्या कानावर पडेल इतक्याच आवाजात म्हटलं. ती घरी आली आणि त्या दिवशी मशीनवर बसली नाही. अमोलनं बापाला दोनदा विचारलं, तर उत्तर एकच. पचत नाही.

होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि सूर्यभानचे हात भाजले. भाजलेच म्हणायचं. मनगटापासून बोटांपर्यंत आधी लाल झाले, मग काळपट, मग कातडी सुटू लागली. पावलांचंही तेच. गळ्याभोवती काळा पट्टा उठला, कोणी माळ घालावी तसा गोल. सूर्यभाननं लगेच तपास सुरू केला. साबण बदलला. फरक नाही. कॉलरला सुनेनं काही चोळलं असेल म्हणून शर्ट स्वतः धुवायला घेतले. फरक नाही. एकाच गोष्टीवर त्याला संशय आला नाही, ती म्हणजे ऊन. तो आपला रोज ओट्यावर जाऊन बसायचा, उलट जास्तच. बिनभेसळीच्या उन्हानं विष जळून जाईल, हा त्याचा हिशेब.

तोंड आलं, ठेचा सोसेना, मग नुसती मीठ-भाकर राहिली. पोट बिघडलं ते बिघडलंच. झोप उडाली. पडल्या पडल्या त्याला वाटायचं, पलीकडे कुजबुज चालली आहे. मशीनचा खडखडाट थांबला की वाटायचं, आता ती शिशी काढत असेल. पण आपण तर तिच्या हातचं कधीचं सोडलं, मग विष भिनतं कुठून? या प्रश्नाचं उत्तर मिळेना, आणि ज्याचं उत्तर मिळत नाही त्याची भीती जास्त. पाण्याच्या माठाला त्यानं कुलूप लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

एके दिवशी दामिनी ओट्यावर आली. त्याच्या हातांकडे बघत म्हणाली, "मामाजी, पऱ्हाटीवर लाल्या येते ना, तसं दिसून राहिलं हे. दवाखान्यात चला ना."

लाल्या! सूर्यभानच्या कपाळाची शीर उडाली. पऱ्हाटीचं पान लाल पडून झाड उभ्या उभ्या वाळतं त्याला लाल्या म्हणतात. ही बाई आपल्याला वाळलेलं झाड म्हणते आहे, उपटून टाकायचं. त्यानं त्याच दुपारी तिवस्याला व्याह्यांना फोन लावला.

"इवाई, जयंतीले या तुमी अकोल्याले. काम आहे."

"काय काम?" पंजाबरावांनी विचारलं.

"फोनवर सांगन्यासारखं नाही. आल्यावर चार मानसात सांगतो."

त्याचं ठरलं होतं. चौदा एप्रिलला सगळे जमतील, अमोलही असेल. तेव्हा शिशीची गोष्ट मांडायची आणि पंजाबरावांना सांगायचं, तुमची लेक घेऊन जा. पण पुराव्याशिवाय बोलेल तो ग्रेडर कसला? म्हणून, आश्चर्य म्हणजे, तो दवाखान्यात जायला तयार झाला. बरं व्हायला नव्हे. विष पकडायला. तेही अकोल्यात नको, इथले डॉक्टर सुनेच्या ओळखीचे असायचे. अमरावतीला.

दामिनीला मात्र वाटलं, मामाजींनी ऐकलं एकदाचं. तिनं घरातली होती-नव्हती ती जुनी औषधं, कागद, सगळं एका पिशवीत भरलं. डॉक्टर विचारतात म्हणून. सकाळची बस पकडली. सूर्यभान ड्रायव्हरच्या मागे खिडकीशी बसला आणि ऊन हातावर घेत राहिला. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. उतरायच्या वेळेला त्याचा उजवा हात तव्यावरून काढल्यासारखा दिसत होता आणि डावा होता तसाच होता. दामिनीनं ते बघितलं. तिनं आपला दुपट्टा त्याच्या हातावर टाकला. त्यानं तो झटकला.

कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नाव निखत. सूर्यभानला त्यांनी चाचा म्हटलं. तो खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच म्हणाला, "मले रगताची तपासनी पाह्यजे. अंगात काही भिनलं का ते सांगा. हळूहळू देल्लेलं." आणि तिरप्या नजरेनं शेजारी बघितलं.

डॉक्टर निखतनी दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. गळा बघितला. मग म्हणाल्या, "घड्याळ काढा, चाचा."

त्यानं काढलं. पट्ट्याखालची कातडी नितळ होती, जन्मल्या दिवसासारखी. वर काळं, खाली काळं, मधे गोरा पट्टा.

"आता चप्पल." पावलांवरही चपलेच्या पट्ट्याचा तसाच नितळ आकार. "वरचं बटण." कॉलरच्या खाली, शर्टाच्या आत, काही नाही.

"चाचा, विष काय घड्याळ बघून थांबतं?"

सूर्यभान स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिला. वरचं बघून फसू नये म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांत हात घातला, आणि स्वतःच्या घड्याळाखाली बघायचं काही सुचलं नाही.

"हे उन्हानं झालंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण ऊन तर सगळ्यांवर पडतं. तुमच्याच कातडीला ते का सोसत नाही? जेवता काय?"

"सगळं जेवतो."

"सगळं म्हणजे?"

"भाकर."

"भाकरीबरोबर?"

"मीठ." आणि जरा वेळानं, "आंधी ठेचा असे. आता तोंड आलं."

"डाळ? दूध? अंडं, मटन?"

सूर्यभाननं हात मांडीखाली घेतले. डॉक्टर निखतनी पेन खाली ठेवलं आणि दामिनीकडे वळल्या.

"ताई, तुम्ही घरी काय जेवता?"

"वरन, भात, पोळी, भाजी," दामिनी म्हणाली. "अंडे असते कधी."

"आणि हे मीठ-भाकर. कधीपासून?"

"दिवाळीच्या आंगंमांगंपासून."

डॉक्टरांचा आवाज चढला नाही, पण त्यातला गोडवा निघून गेला. "हा आजार मी पुस्तकात जास्त बघितलाय. अंगात एक जीवनसत्त्व उरत नाही, मग कातडी ऊन झेलू शकत नाही. थंडीत ते झाकून राहतं, फाल्गुनात वर येतं. पूर्वी दुष्काळात व्हायचा. आता होतो तो ज्यांना घरचे लोक विचारत नाहीत अशा म्हाताऱ्या माणसांना. तुम्हाला काय म्हणायचंय, ताई?"

दामिनीचा चेहरा पांढराफटक पडला. पिशवीचा बंद तिनं बोटांना गुंडाळला.

सूर्यभानला हवं होतं ते आयतंच समोर घडत होतं. त्याला काही बोलायचीही गरज नव्हती. शिकलेल्या बाईनं, परक्या गावात, त्याच्या सुनेला आरोपी केलं होतं. तो नुसता गप्प राहिला असता तरी काम फत्ते. आणि तो गप्प राहिलाही. पण त्याचं लक्ष दामिनीच्या तोंडाकडे लागलं होतं, की आता ही सांगेल, म्हातारा चक्रम आहे, कुत्र्याला चारून जेवतो, त्यानंच चूल वेगळी मांडली. तिनं यातलं काही सांगितलं नाही. सासऱ्याची खोड तिनं चारचौघांत उघडी केली नाही. त्याला विचित्र वाटलं, आणि कारण नसताना शरमही वाटली.

तिनं पिशवीत हात घातला, तळाशी, आणि एक शिशी काढून टेबलावर ठेवली. तपकिरी. नारिंगी झाकणाची.

"मॅडम, हे चालंन का त्याईले? हेच मी देत होती आंधी. वरनात टाकून."

"लेबल कुठंय?"

"यायनं काढलं," दामिनी नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली. "यायनंच आनली होती नागपूरहून. मामाजीनं लेबल पाह्यलं तर फेकून देतीन म्हने. पन खोका ठेवला आहे मी." चपटा केलेला खोका तिनं पिशवीतून काढून सरळ केला.

डॉक्टर निखतनी तो वाचला. मग दामिनीकडे बघितलं आणि आवाजातला गोडवा परत आला. "बी-कॉम्प्लेक्स आहे हे. चाचांच्या अंगात जे संपलंय तेच यात आहे. हे चालू असतं तर ही वेळ आली नसती. बंद का केलं?"

"मी नाही केलं बंद. त्याईनं माह्या हातचं खानंच बंद केलं." दामिनीनं पहिल्यांदा सासऱ्याकडे सरळ बघितलं. "काहून केलं, ते मले आजपर्यंत माईत नाही."

आता सूर्यभानला बोलणं भाग होतं.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "फोनवर. औषध टाकून राहिली म्हने वरनात."

डॉक्टर निखत वऱ्हाडातल्याच. त्यांना क्षणात कळलं आणि त्या हातातला खोका बघू लागल्या. दामिनीला जरा उशीर लागला.

"औषध?" ती म्हणाली. मग तिचे ओठ उघडेच राहिले. "फवाऱ्याचं समजले तुमी?"

तो काढलेलं घड्याळ पुन्हा मनगटावर बांधू लागला. दामिनीनं शिशी पिशवीत ठेवली, खोका पुन्हा चपटा केला, तोही ठेवला आणि पिशवीची चेन लावली. मग ती बाहेर जाऊन बाकावर बसली.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. ज्वारी वाईट नाही, म्हणाल्या, पण एकटी पुरत नाही. तिला डाळ, शेंगदाणे, दूध, अंडं यांची सोबत लागते. तोवर उन्हात बसणं बंद, फुल बाह्या, गळ्याला उपरणं. "आणि चाचा, या आजारात मनही बिघडतं. झोप जाते, नाही नाही ते वहीम येतात."

"वहीम त माहा जुना आहे," सूर्यभान म्हणाला. डॉक्टरांना हसू आलं. त्याला आलं नाही.

परतीच्या बसमध्ये दामिनीनं त्याला सावलीच्या बाजूला बसवलं आणि स्वतः दोन बाकं सोडून बसली. बाहेर नांगरलेली काळी वावरं मागे जात होती. लाल्या, त्याला आठवलं. तीस वर्षं तो शेतकऱ्यांना ऐकवत आला होता. लाल्या पडला की ते म्हणायचे, शेजाऱ्यानं काही मारलं, बियाणंच खोटं निघालं. आणि हा म्हणायचा, "अरे, जमिनीच्या पोटात काही नाही, मंग झाडाले ऊन-थंडी कशी सोसंन? शेजाऱ्याच्या नावानं कायले बोंबलता?" दामिनी शिव्या देत नव्हती. ती बरोबर तेच सांगत होती जे तो स्वतः जन्मभर सांगत आला. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा ती उठून त्याच्यापाशी आली.

"माह्या बाबाले काहून बोलावलं जयंतीले?"

सूर्यभान खिडकीबाहेर बघत राहिला. ती परत आपल्या जागेवर गेली.

घरी पोचल्यावर तिनं तुरीची डाळ, अंडी, शेंगदाणे मागच्या खोलीत नेऊन ठेवले. "तुमचं तुमी शिजवा," ती म्हणाली. "मले आता भेव लागते तुमाले वाढाले. उद्या पोट दुखलं तुमचं तर माहं काय होईन?" त्यानं डाळ शिजवली, करपवली, तरी खाल्ली. गोळ्या घेतल्या. तोंडातले फोड बसले, पोट ताळ्यावर आलं, गळ्याची काळी कातडी पापुद्र्यांनी सुटू लागली. रात्री झोप लागायला लागली आणि पलीकडची कुजबुज बंद झाली. एकदा मशीन मधेच थांबलं. त्यानं कान दिला तर दामिनी रडत होती. ही मात्र कुजबुज नव्हती.

जयंतीच्या सकाळी पंजाबराव आले. पांढरा सदरा, खिशात उन्हासाठी कांदा, कपाळावर आठ्या. अमोल आदल्या दिवशीच आला होता. दामिनीनं त्याला काय आणि किती सांगितलं कोण जाणे, तो बापाशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. सूर्यभान आतल्या खोलीत बसला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून.

"बोला इवाई," पंजाबराव म्हणाले. "चार मानसात सांगतो म्हने तुमी. माह्या पोरीचं काय चुकलं?"

दामिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सूर्यभानला सुटायला वाटा होत्या. सहज बोलावलं, म्हणता आलं असतं. जयंतीचं जेवण म्हणून बोलावलं, हेही चाललं असतं. पण मग ही बाई जन्मभर बापाच्या मनातल्या त्या प्रश्नाखाली राहिली असती, की त्या दिवशी सासरा काय सांगणार होता.

"तुमच्या पोरीनं मले मारून टाकाचा बेत केला, असं मी धरलं होतं," तो म्हणाला. "तिले घेऊन जा, हे सांगाले बोलावलं होतं तुमाले. ती वरनात शक्तीचं औषध टाके. मी फवाऱ्याचं समजलो. अन् तिच्या हातचं सोडलं म्हनून असा झालो." त्यानं दोन्ही हात पुढे केले, सोललेले.

पंजाबराव त्या हातांकडे बघत होते. चिडावं की काय करावं, त्यांना कळेना. अमोल खाली बघत होता.

"पन लपवून काहून टाकावं?" सूर्यभानच्या तोंडून निघून गेलं. खोड ती खोड. "माह्यासमोर टाकलं असतं तर..."

"तर घेतलं असतं तुमी?" दारातून दामिनीनं विचारलं.

त्यानं विचार केला. "नसतं घेतलं," तो म्हणाला.

दामिनी आत गेली. ताटं वाढली गेली, एक पंजाबरावांचं, एक अमोलचं. सूर्यभानचं नव्हतं. तो उठला, अमोलशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मलेही वाढ, बाई."

ती जागची हलली नाही. मग तिनं तिसरं ताट आणलं, त्याच्यासमोर ठेवलं आणि समोर बसली. तिचे डोळे भरले होते आणि रागही गेलेला नव्हता. दारात कुत्रं येऊन उभं राहिलं. दामिनीनं पोळीचा तुकडा मोडला, त्याच्या वाटीतल्या वरणात बुडवला, सुंदराबाई घास मोडून घ्यायची तसाच, आणि म्हणाली, "थांबा. आंधी मी खाते. मंग तुमी जेवा."

सूर्यभाननं तिचं मनगट धरलं. तो तुकडा तिच्या हातून घेतला आणि आपल्या तोंडात घातला.

वरणात मीठ कमी होतं. त्यानं वाटी रिकामी केली, पुढे सरकवली आणि आणखी मागितलं.